बाबांना कोलिस्टिन चालू आहे, ते बेडकाच्या कातडीतलं पेप्टाइड कुठे मिळेल का?

सुदामानगर_इंदूर:
नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे, आतड्याचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी ताप चढला तेव्हापासून आयसीयूत आहेत. काल कल्चरचा (जंतू वाढवून बघायची टेस्ट) रिपोर्ट हातात आला, क्लेबसिएला नावाचा जंतू, आणि खाली अँटिबायोटिक औषधांची यादी, प्रत्येकासमोर आर आर आर, मेरोपेनेमसमोर पण आर, फक्त कोलिस्टिनसमोर आय. रात्रीपासून तेच चालू केलंय. माझा मावसभाऊ म्हणतो बेडकाच्या कातडीतून अँटिमायक्रोबियल पेप्टाइड, म्हणजे जंतू मारणारे प्रोटीनचे छोटे तुकडे, काढतात त्याने असले जंतू पण मरतात, व्हिडिओ पाठवला आणि आत्ता दवा बाजारात चौकशी करायला निघालाय. खरंच मिळतं का? इंदूरात नसेल तर मुंबईहून मागवू. आणि आय म्हणजे काय हो? डॉक्टर राउंडला येतात तेव्हा मला काही विचारायचं सुचतच नाही, रात्रभर बाहेर बाकावर बसलेली असते.

कल्चरवाली:
ताई, मी लॅबमध्येच आहे, असले रिपोर्ट आता रोज बघते आणि रोज पोटात गोळा येतो. आधी भावाला परत बोलवा, ते बाजारात मिळणार नाही. तुमचं बेडकाचं म्हणजे मॅगेनिन. अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ बेडकांचं ऑपरेशन करून, टाके घालून त्यांना परत टाकीतल्या घाण पाण्यात सोडायचे आणि तरी जखमा चिघळायच्या नाहीत, त्यावरून त्यांनी कातडी तपासली, १९८७ ची गोष्ट. पुढे त्यावरून पेक्सिगॅनन नावाचं मलम बनलं, शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमांसाठी, त्याला १९९९ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध मंजुरी खात्याने, मंजुरी दिली नाही. आणि हे तर वरून लावायचं, शिरेतून द्यायचं तर अजूनच कठीण, रक्तातली एन्झाइम असल्या पेप्टाइडचे तुकडे करून टाकतात.

पण ऐका, कोलिस्टिन पण पेप्टाइडच आहे! मातीतल्या एका बॅक्टेरियाने बनवलेलं. क्लेबसिएलाच्या बाहेरच्या आवरणावर ऋण भार असतो, ह्याच्यावर धन, ते जाऊन चिकटतं आणि आवरण फाडतं, बेडकाचं पण साधारण असंच. म्हणजे तुम्ही शोधताय त्याच जातीचं औषध बाबांच्या सलाइनमधून जातंय.

आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, एस म्हणजे देतो, आय म्हणजे इंटरमीडिएट, मधलं. आय बघून घाबरू नका. २०२० पासून सीएलएसआय ह्या लॅब टेस्टचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या नियमात कोलिस्टिनला एस हा प्रकारच नाही, आय नाहीतर आर. एवढं मात्र लॅबला विचाराच की टेस्ट डिस्कने केली (जंतूंच्या प्लेटवर औषधाची चकती ठेवून) की ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (द्रवात औषधाचं प्रमाण बदलत बघून). कोलिस्टिनचा रेणू मोठा असतो, प्लेटच्या अगारमध्ये (जेलीत) नीट पसरत नाही, म्हणून डिस्कवर भरवसा ठेवता येत नाही. आणि डॉक्टरांना विचारा एनडीएम, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधं तोडणारं जंतूचं एन्झाइम, तपासलंय का, असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनाम सोबत देतात, महाग आहे पण विचारायला काय जातं.

राऊवाला:
माझ्या आईला कोलिस्टिन अकरा दिवस दिलं. इन्फेक्शन गेलं पण चौथ्या दिवशी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी, वाढलं की वाईट) ०.९ वरून २.३, लघवी कमी झाली ते नर्सच्या आधी मला दिसलं कारण मी पिशवीवरचा आकडा दर चार तासांनी वहीत लिहीत होतो. किडनीवर येतं हे मला आधी कोणी सांगितलंच नाही त्याचा राग अजून आहे. तुम्ही पण वही ठेवा ताई, क्रिएटिनिन रोज होतंय का बघा. आईचं नंतर हळूहळू उतरलं.

कल्चरवाली:
दादा बरोबर बोलले. नव्या पेप्टाइडची पण गाडी तिथेच अडकते, मुरेपावाडिन नावाच्या पेप्टाइडची शिरेतून द्यायची ट्रायल २०१९ मध्ये किडनीमुळेच थांबवावी लागली. म्हणून जे हातात आहे ते जपून वापरायला पाहिजे, आणि आपण वर्षानुवर्षं हेच कोलिस्टिन कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाऊ घातलं, २०१९ मध्ये कुठे बंदी आली. फार जीव जळतो.

सुदामानगर_इंदूर:
भाऊ परत आलाय. लॅबवाले म्हणाले डिस्कनेच केलं होतं, आता ब्रॉथवर लावलंय, उद्या संध्याकाळी कळेल. डॉक्टरांना एनडीएमचं विचारलं तर ते थांबून पाच मिनिटं बोलले, सॅम्पल पाठवतायत. क्रिएटिनिन आज १.१. वही आणली, पहिला आकडा सकाळी सहाचा, ३२० एमएल.