गुडमार, कारलं, मेथी एकत्र घेताना

मधुमेहासाठी गुडमार (एक औषधी वेल), कारलं आणि मेथी या तिघांचे अर्क एकत्र घेतले की गुण तिप्पट, हे म्हणणं मला धोक्याचं वाटतं. एकत्र करण्यामागचा विचार चुकीचा नाही, कारण प्रत्येकाचं काम वेगळं. मेथीतला चिकट तंतू आतड्यातून साखर रक्तात जायचा वेग कमी करतो. गुडमारचं पान चावलं की थोडा वेळ साखरसुद्धा जिभेवर वाळूसारखी बेचव लागते (खरंच, करून बघा!). पण ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी मधुमेहाची गोळी) किंवा इन्सुलिन चालू असताना वरून हे मिश्रण घेतलं, तर रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून कळकळीने सांगते, गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारून एका वेळी एकच अर्क सुरू करा आणि ग्लुकोमीटरचे आकडे वेळेसकट लिहून ठेवा.