वॅट फुकट झाले म्हणून स्पीकरची खोकी बांधायची सोडायची का?

खोकेबहाद्दर
काल 'सरळमार्गी' यांनी त्यांच्या लेखात एक वाक्य टाकलं: "घरी हाय एफिशियन्सी स्पीकर बांधणं म्हणजे ट्रॅक्टरच्या जमान्यात बैल पोसणं. वॅट आता फुकट आहेत." हाय एफिशियन्सी म्हणजे कमी वॅटमध्ये तेवढाच आवाज देणारे. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ताटापेक्षा लोणचं जास्त व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

बैलाचं म्हणाल तर, चिखलात ट्रॅक्टर रुतला की कोण ओढतं ते एकदा पावसाळ्यात मावळात जाऊन बघा.

माझी जोडी अशी: १२ इंची पीएचा, म्हणजे सभा-कार्यक्रमांतला, स्पीकर, एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल. वर एक इंची कंप्रेशन ड्रायव्हर आणि त्याचा हॉर्न, म्हणजे कर्णा. दोघांची वाटणी क्रॉसओव्हरच्या सर्किटनं १५०० हर्ट्झला: खालचे सूर स्पीकरला, वरचे ड्रायव्हरला. ड्रायव्हर १०८ चा, म्हणून त्याला रेझिस्टर लावून अकरा डेसिबल खाली ओढलाय. खोकं बाहेरून २८ इंच उंच, १७ रुंद, १५ खोल, म्हणजे आतून साधारण ९० लिटर. १८ एमएम प्लायचं ८ बाय ४ चं एक अख्खं शीट आणि वर अर्धं गेलं. बाकी सगळं पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चार शनिवार घासून. अँप आठ वॅटचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा.

आधी माझ्याकडे ८६ डेसिबलचे शोभिवंत शेल्फवाले होते आणि १०० वॅटचा अँप. ८६ आणि ९७ मध्ये ११ डेसिबल, म्हणजे साडेबारा पट. त्यांना जिथे शंभर वॅट, तिथे माझ्या खोक्यांना आठ. शिवाय स्पीकरच्या आतली तांब्याची कॉइल तापत नाही. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. कॉइल दोनशे अंशांनी तापली तर तो पावणेदोन पटीच्या वर जातो, आणि तुमचा 'फुकट' वॅट तिथेच हीटर होतो.

आकडे जाऊ द्या. डग्ग्यावर तळवा घसरतो तेव्हा जो घुमारा वर चढतो, तो जुन्या जोडीत नुसता 'घूं' होता. नव्या जोडीत तळवा दिसतो. ज्याला हे नको असेल त्यानं खुशाल ट्रॅक्टर चालवावा.

सरळमार्गी
धागा माझ्या नावानं काढलात, आभारी आहे. आता तुमचाच हिशेब पुढे नेतो.

फ्लॅटमध्ये माणूस सरासरी ७५ डेसिबलला ऐकतो. त्यावर २० ची उसळी धरा, म्हणजे ९५. तीन मीटरवर बसलात तर साडेनऊ डेसिबल वाटेत जातात, दोन स्पीकर असल्यानं तीन परत मिळतात. साध्या ८८ च्या स्पीकरला उसळीसाठी लागतात बावीस-तेवीस वॅट, तेही भिंतींची काहीच मदत न धरता. सरासरीला पाव वॅटसुद्धा नाही. पाव वॅटनं कॉइल दोनशे अंश तापते? चहाचा कप तरी गरम होतो का बघा.

पन्नास वॅटचा चिपचा अँप-बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. ९० लिटरची दोन पिंपं ठेवायला जी जागा लागते तिचा पुण्यातला चौरस फुटाचा भाव धरा आणि मग सांगा, महाग काय.

आणि हॉफमन साहेबांचा नियम तुम्हाला मी सांगायला नको. तेच ते, १९५७ च्या केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीतल्या 'एच'चे धनी. खोकं लहान, बेस खालपर्यंत, कार्यक्षमता जास्त: तिन्हीतलं दोनच मिळतं. तुम्ही खोकं मोठं केलंत तरी ४५ हर्ट्झच्या खाली तुमच्याकडे काय आहे? कागदावरचे ९७ हे मधल्या पट्ट्यातले. ५० ला येईपर्यंत ते नव्वदीवर आलेले असतात.

शेवटचं, वहिनींनी परवानगी दिली का त्या कपाटांना?

बारा इंची
सरळमार्गी, ४५ च्या खाली तबल्यात काय आहे तेही सांगा की. डग्गासुद्धा त्याच्या बराच वर बोलतो. नसलेल्या गावाला जाण्यासाठी तिकीट काढायचं म्हणजे झालं.

खोकेबहाद्दर, तुम्हीही अर्ध्यावरच थांबलात. बेसलाही हॉर्न पाहिजे. क्लिप्श या स्पीकरवाल्या बाबानं १९४६ मध्ये अमेरिकेतल्या होप नावाच्या आडगावात तेच केलं. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची. मोकळ्या हवेत तिला साजेसा कर्णा करायचा तर तोंड पावणेतीन मीटर व्यासाचं, म्हणजे दिवाणखान्यात बसायचं की कर्ण्यात, हा प्रश्न. त्यानं काय केलं, तर खोलीचा कोपराच कर्ण्याचा शेवटचा तुकडा म्हणून वापरला. दोन भिंती आणि जमीन मिळून तोंड आठव्या हिश्श्यावर आलं. १०० च्या वर डेसिबल आणि बेससुद्धा. याला म्हणतात डोकं.

अडचण एकच, आपल्या घरांत दोन मोकळे कोपरे सापडत नाहीत. एकात फ्रिज, एकात दार.

निशिगंधा
'वहिनींनी परवानगी दिली का' हा विनोद या विषयाच्या प्रत्येक धाग्यात तिसऱ्या प्रतिसादापर्यंत येतो. इथे पहिल्यातच आला, प्रगती आहे. माझ्या घरात सोल्डरिंग मी करते, क्रॉसओव्हरच्या कॉइल मी गुंडाळते आणि नवरा विचारतो की जेवणाच्या टेबलावरून हे कधी उचलणार. परवानगी मी कुणाकडे मागू?

आता कामाचं. मी सावंतवाडीला आठ इंची फुलरेंजसाठी, म्हणजे सगळे सूर एकटाच वाजवणाऱ्या स्पीकरसाठी, मागून घडी घातलेला हॉर्न बांधला. एमडीएफचा, कारण कापायला सोपं आणि स्वस्त. पहिल्या पावसाळ्यात खालची कड पापडासारखी फुगली. दुसऱ्यात सांधा सुटला आणि हार्मोनियमच्या एका स्वराला खोकं स्वतः गायला लागलं. तिसऱ्या वर्षी आवाज घोगरा झाला म्हणून मागची फळी काढली तर हॉर्नच्या शेवटच्या वळणात उंदरानं संसार मांडलेला, ग्लासवूल सोडून माझ्या जुन्या साडीच्या चिंध्यांवर. ग्लासवूल टोचतं, हे त्यालाही कळतं.

म्हणून कोकणात बांधणाऱ्यांनी मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांना वॉर्निशचे तीन हात द्या आणि कर्ण्याच्या तोंडाला जाळी. तरीसुद्धा पुन्हा बांधीन. आमच्याकडे वादळात दोन-दोन दिवस लाइट नसते. १२ व्होल्टची बॅटरी आणि आठ वॅटचा बोर्ड यांवर रात्रभर नाट्यपद ऐकायचं तर 'वॅट फुकट' हे वाक्य पुण्यात राहूनच लिहिता येतं.

सरळमार्गी
विनोद मागे घेतो. बॅटरीचा मुद्दा मान्य, तेवढ्यापुरता. वादळात माझे ८८ वालेही त्या बोर्डवर वाजतील, जरा हळू, एवढंच.

मोजमाप
सगळेच कार्यक्षमता आणि संवेदनशीलता एका पिशवीत कोंबताय. संवेदनशीलता म्हणजे एका वॅटला किती डेसिबल, कार्यक्षमता म्हणजे विजेतला किती भाग आवाज होतो. ९२ डेसिबल म्हणजे जेमतेम १ टक्का कार्यक्षमता. खोकेबहाद्दरांचे ९७ म्हणजे ३ टक्के. उरलेले ९७ टक्के उष्णताच. 'हाय' म्हणायचं तर जपून म्हणा.

दुसरं, कंपन्या २.८३ व्होल्टला आकडा देतात. ८ ओहमला तो एक वॅट, ४ ओहमला दोन. फुकटात तीन डेसिबल पदरात. मी अशाच एका आकड्याला भुलून चार स्पीकर घेतले होते. कंपनीचं नाव सांगत नाही, पण पेटीवर मोठ्या अक्षरांत ९१ होतं आणि घरी मोजले तर ८७.

शांतताप्रिय
तुमच्या ह्या छंदाचंच मोठं भावंड दरवर्षी आमच्या दाराशी येतं, ती डॉल्बीची भिंत. जास्तीत जास्त डेसिबल, हीच अक्कल. लक्ष्मी रोडपासून दोन गल्ल्या आत राहतो. वडिलांच्या बायपासनंतर दोन वर्षं विसर्जनाच्या आदल्या दिवशी त्यांना बहिणीकडे तळेगावला पोचवलं. काचेच्या कपाटातल्या वाट्या आपोआप सरकतात. २००० चे नियम म्हणतात, वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५. आणि इथे मंडळी एका वॅटला ९७ मिरवतायत.

खोकेबहाद्दर
अहो, मी आठ वॅटवर भीमपलास ऐकतो, मिरवणूक काढत नाही! कार्यक्षमता म्हणजे मोठा आवाज नव्हे, कमी विजेत तेवढाच आवाज.

नादखुळा
शांतताप्रिय काका, आल्या आल्या आमच्यावर? आमची गाडी हाय. १८ इंची सोळा बेस, वर बारा टॉप, कर्ज काढून घेतलंय. आवाज वाढवा म्हणून मंडळाचं पोरगं डोक्यावर उभं असतंय. न्हाई वाढवला तर पैसं अडकवत्यात, वाढवला तर केस आमच्यावर, मंडळावर न्हाई. मागं एका गावात मिक्सर जप्त झाला, आठ महिन्यांनी हातात आला तर आत झुरळं. आमची बी पोरंबाळं हाईत.

आणि शंभर ढोल एकदम वाजत्यात तवा तुमच्या वाट्या सरकत न्हाईत व्हय? ती संस्कृती, आम्ही प्रदूषण.

शांतताप्रिय
ढोलांचंही समर्थन केलेलं नाही. पण ढोल वाजवणारा दमतो. तुमची भिंत दमत नाही. पथक चौकातून पुढे जातं, तुमची गाडी एका चौकात दोन तास उभी. वडील गेले मागच्या वर्षी. यंदा कुणाला तळेगावला न्यायचं नव्हतं, तर घरात बसून मोजलं, खिडकी लावून ९४.

मोजमाप
मोबाइलनं मोजलंत का? मोबाइलचे माइक बेसला भरवशाचे नसतात. ९४ चे १०० ही असतील.

आणि त्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणणं बंद करा. रे डॉल्बीनं १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. जन्मभर नको असलेला आवाज घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण नको असलेल्या आवाजाला दिलंय.

शांतताप्रिय
वडिलांबद्दल लिहिलं आणि तुम्हाला माइकची पडलीय. धन्य आहात.

मोजमाप
चुकलं. मनापासून. पण डॉल्बीचं बरोबर आहे.

नादखुळा
काका, वडलांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या गल्लीत आजारी माणूस असलं तर आम्ही गाडी म्होरं नेऊन लावतो. समदे लावत न्हाईत, ते बी खरं.

बारा इंची
मूळ प्रश्न काय होता, कुणाला आठवतंय का? मंडळांवर वेगळा धागा काढा, तिथे मीही दोन शिव्या घालीन.

नादखुळा
आठवतंय की. खोकेभाऊ, तुमच्या कंप्रेशन ड्रायव्हरला शिरीजमधी कंडेन्सर हाय का न्हाई? व्हॉल्व्हचा अँप बंद-चालू करताना ठप्प वाजतंय, डायफ्राम त्यातच जातोय. आमच्याकडं महिन्याला चार येत्यात. आणि लहान अँप पार लाल लाइटीपर्यंत ओढू नका. मोठ्या अँपनं जेवढे उडत न्हाईत तेवढे बारक्यानं कापलेल्या आवाजानं उडत्यात. शंभर वॅटचा अँप दहावर चालवावा, ह्यात सरळमार्गींचं बरोबर हाय.

सरळमार्गी
या धाग्यावर माझ्या बाजूनं बोलणारा पहिला माणूस डॉल्बीवाला निघावा, हे माझं नशीब.

खोकेबहाद्दर
कंडेन्सर आहे, क्रॉसओव्हरमध्येच. पाव वॅटनं कॉइल तापत नाही, हेही मान्य. ती ओळ मी जोरात लिहिली. पण कॉइलपायी तळवा विसरू नका. सरळमार्गी, लेख लिहिण्याआधी असं एक तरी खोकं ऐकलंय का तुम्ही? रविवारी या. कोथरूडला आहे, चहा मिळेल. येताना तो शेकड्यातला बोर्डही आणा.

निशिगंधा
गेलात तर इथे लिहा. आणि कपाटांना कुणी परवानगी दिली तेही विचारून या.

सरळमार्गी
जाऊन आलो. परवानगीचं विचारलं. ते एकटेच राहतात, आणि आईनं पाठवलेले बेसनाचे लाडू त्या खोक्यावरच ठेवलेले होते.

प्रामाणिकपणे लिहितो. पहिली दहा मिनिटं मला फक्त हॉर्नमधली 'स्स्स' ऐकू येत होती. गाणं सुरू नसताना तीन मीटरवरून अँपची खरखर ऐकू येणं हा गुण नव्हे. गायकाचा आवाज मधूनच ओंजळीतून आल्यासारखा. पण तबला... बरं. तबला माझ्याकडे असा वाजत नाही. ठेका सुरू झाला आणि मी हातातला कप खाली ठेवला, एवढं कबूल करतो. का वाजतो, याचं कारण कार्यक्षमता की बारा इंची पडदा की त्यांची रिकामी खोली, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

मग माझा बोर्ड जोडला. खरखर गेली, तबला तसाच राहिला. म्हणजे तुमची खोकी पास, तुमचा महागडा व्हॉल्व्ह नापास. वॅट फुकटच आहेत.

खोकेबहाद्दर
खोकी पास म्हणालात ना, मग भरून पावलो. ओंजळीचं म्हणाल तर हॉर्नच्या कडेला फोम लावून बघतोय.

बोर्ड न्यायला विसरलात. घाई नाही. सध्या लागलेलाच आहे.

निशिगंधा
सरळमार्गी, तुम्ही मापं विचारून आलात की नाही?

सरळमार्गी
विचारली. पण त्यांनी लिटरमध्ये सांगितली. सुताराला लिटर कळत नाही. सगळ्या फळ्यांची कापायची मापं इंच-सुतात टाका, पोर्टच्या, म्हणजे बेससाठी खोक्याला ठेवलेल्या भोकाच्या, पाइपच्या लांबीसकट. माझ्यासाठी नाही, मेहुणा विचारतोय.