सोल्डरऐवजी वीजवाहक गोंद चालेल का? चार किरकोळ दुरुस्त्यांसाठी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठचे मास्तर (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आहे आणि घरातल्या बारीकसारीक वस्तू स्वतः दुरुस्त करण्याची खोड अजून गेलेली नाही. अलीकडे उजवा हात थरथरू लागल्यामुळे तापलेली सोल्डरिंग गन धरण्याची धास्ती वाटते. मागच्या महिन्यात एका टोकाला शिसं (म्हणजे सोल्डर) लावायला गेलो आणि शेजारची तीन टोके एकमेकांना जोडून बसलो. त्यानंतर वीजवाहक गोंदाबद्दल वाचनात आले आणि आशा वाटू लागली.

सध्या चार कामे पडून आहेत. टीव्हीच्या रिमोटची आवाजाची बटणे दाबूनही चालत नाहीत. नात मिरजेला गाणे शिकते. तिच्या तानपुऱ्याला चिकटवायच्या पिकअपची, म्हणजे वाद्याची कंपने पकडणाऱ्या साधनाची, तार त्यातल्या पिझो चकतीवरून निघून आली आहे. तासगावच्या द्राक्षबागेत वापरतो त्या बॅटरीच्या फवारणी पंपात मोटरकडे जाणारी तार टोकाशी तुटली आहे. शिवाय जुन्या मोटारीच्या मागच्या काचेवर धुके घालवण्यासाठी ज्या तपकिरी रेघा असतात, त्यांपैकी दोन सामान लागून खरवडल्या गेल्या आहेत. या चारही कामांना एकच गोंद चालेल का, आणि चालणार असेल तर कोणता घ्यावा?

तापती गन (कराड)

मास्तर, गोंदाच्या नादी लागू नका. दहा रुपयांच्या शिशाने होणारे काम महागड्या नळीने कशाला करायचे? हात थरथरत असेल तर वस्तू शिकंजात पकडा, मनगट टेबलावर टेकवा आणि 25 वॉटची गन वापरा.

जुना मेकॅनिक (सातारा)

तापती गन यांचा मनगट टेकवण्याचा सल्ला योग्य आहे, पण मास्तरांच्या चारपैकी तीन ठिकाणी गन लावणेच चुकीचे ठरेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या गोंदातला चिकट पदार्थ स्वतः वीज वाहून नेत नाही. त्यात कालवलेली चांदीची, निकेलची किंवा ग्राफाइटची पूड एकमेकींना टेकते आणि त्या कणांच्या साखळीतून वीज जाते. चांदीच्या चांगल्या इपॉक्सीत (दोन भाग मिसळून वाळवायच्या गोंदात) वजनाने जवळपास तीन चतुर्थांश चांदीच असते, आणि किमतीचे कारणही तेच आहे. तांब्याची पूड स्वस्त पडते, पण ती गंजली की कणांवरचा थर वीज अडवतो. गोंद वाळताना आकसतो व कण एकमेकांवर दाबले जातात, त्यामुळे ओल्या गोंदावर मल्टिमीटर टेकवून निराश होऊ नये. दोन नळ्यांच्या इपॉक्सीला खोलीतल्या तापमानाला साधारण 24 तास द्यावेत.

आता मास्तरांना आवडेल असे गणित. एक चौरस मिलिमीटर छेदाचा आणि पाच मिलिमीटर लांबीचा गोंदाचा पूल आहे असे समजा. चांदीच्या इपॉक्सीचा असेल तर त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एका ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो. साध्या शिशापेक्षा हा दहापट किंवा त्याहूनही जास्त असला तरी पुष्कळ कामांना चालून जातो. तोच पूल ग्राफाइटच्या गोंदाचा केला तर रोध दहा-पन्नास ओहम, आणि घरी पेन्सिलची पूड कालवून केला तर शेकडो ओहमपर्यंतही जातो, कारण पेन्सिलच्या शिशात ग्राफाइटबरोबर माती असते. म्हणून कोणता गोंद घ्यायचा हे ठरवण्याआधी त्या जोडातून किती प्रवाह जाणार आहे ते पाहावे.

रिमोटच्या रबरी बटणाखाली जी काळी टिकली असते तिच्यातून मिलिअँपिअरमध्ये मोजावा इतकाच प्रवाह जातो, आणि नवी असतानाही तिचा रोध दहा-शंभर ओहम असू शकतो. तिथे ग्राफाइटचा स्वस्त लेप उत्तम काम करतो. चांदी वापरणे म्हणजे उधळपट्टी होईल, आणि गन लावली तर रबर करपेल. आधी टिकली व तिच्या खालची सर्किटची पाटी दोन्ही स्पिरिटने पुसून पाहा. निम्मे रिमोट तेवढ्यानेच चालू होतात.

पंपाचे गणित उलटे आहे. त्याची मोटर 12 व्होल्टवर तीन-चार अँपिअर सहज ओढते. जोडात अर्धा ओहम जरी भरला तरी तिथे दीड-दोन व्होल्ट खाल्ले जातील आणि चार-आठ वॉटची उष्णता त्या थेंबातच निर्माण होईल. त्यात पाठीवरचा पंप सतत हादरत असतो आणि गोंद ओढ व हादरे फार सहन करत नाही. तिथे गोंद नको आणि खरे तर नुसते शिसंही नको, कारण शिसं जिथे संपते तिथेच तार ताठ होऊन पुन्हा तुटते. तारेच्या टोकाला पितळी थिंबल (जोडणीची धातूची टोपी) दाबून बसवा. दाबण्याचा चिमटा दोन्ही हातांनी धरता येतो, त्यामुळे थरथर आड येणार नाही.

घरातल्या 230 व्होल्टच्या कोणत्याही जोडाला हा गोंद लावू नये. त्यावर चर्चाही नको.

मिरजेची तार

पिकअपबद्दल मी लिहितो, कारण मिरजेत तंतुवाद्ये बनवणाऱ्या गल्लीत माझे रोजचे जाणे-येणे आहे आणि असे निघालेले पिकअप वारंवार हाती येतात. पिझो चकती म्हणजे पितळेच्या पत्र्यावर बसवलेले सिरॅमिक आणि त्यावर चांदीचा अतिशय पातळ मुलामा. गन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकली तर मुलामा शिशात विरघळून उचलला जातो, आणि सिरॅमिक फार तापले तर त्याची आवाज पकडण्याची शक्तीही कमी होते. मुलामा एकदा गेला की त्या जागी पुन्हा शिसं धरत नाही, आणि तुमच्या चकतीचे बहुधा तसेच झाले असणार.

इथे चांदीचे इपॉक्सी अगदी योग्य आहे. 27 मिलिमीटरच्या नेहमीच्या चकतीची धारिता (वीज साठवण्याची क्षमता) 20 नॅनोफॅरडच्या आसपास असते, त्यामुळे 100 हर्ट्झच्या स्वराला तिचा स्वतःचाच अवरोध 80 हजार ओहमच्या घरात जातो. त्यापुढे जोडात पाच-पन्नास ओहम वाढले तरी कानाला काही कळणार नाही. कळेल ती गुणगुण. म्हणून तार धातूच्या जाळीच्या आवरणाची घ्या आणि आवरणाचे टोक पितळेच्या बाजूला जोडा. थेंब पूर्ण वाळल्यावर त्यावर साध्या इपॉक्सीचा एक जाड थर देऊन तारेची पहिली एक सेंटिमीटर लांबी चकतीलाच चिकटवून टाका, म्हणजे ओढ जोडावर येणार नाही. मात्र गोंद चकतीच्या कडेवरून पितळेपर्यंत ओघळू देऊ नका. तसे झाले तर पिकअप मुका होईल.

घाटातले धुके (पाचगणी)

काचेच्या रेघांचा अनुभव माझ्याकडे आहे, कारण आमच्याकडे पावसाळ्यात या रेघांशिवाय गाडी मागे घेणे कठीण असते. त्या रेघा चांदीयुक्त लेपाच्याच असतात आणि काचेवर भाजून बसवलेल्या असतात. त्यांना नळीतला घट्ट गोंद लावायचा नसतो. चांदीचा पातळ रंग मिळतो तो ब्रशने लावायचा असतो. तुटलेल्या जागेच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावून रेघेएवढीच फट मोकळी ठेवावी, स्पिरिटने पुसावे, रंगाचे दोन-तीन हात द्यावेत आणि एक दिवस बटण दाबू नये. एका रेघेतून साधारण एक अँपिअर जातो, तेवढा हा रंग पेलतो. पण बाजूची धातूची पट्टी निघाली असेल तर तिच्यातून सगळ्या रेघांचा मिळून दहा-वीस अँपिअर प्रवाह जातो, तेव्हा ते काम या रंगाने करू नये.

एक इशाराही देतो. मी एका घड्याळाच्या पाटीवर कल्हई केलेल्या टोकाला चांदीचे इपॉक्सी लावले होते. मे महिन्यात रोध अर्ध्या ओहमच्या आत होता, गणपतीत तोच चाळीसवर गेला. चांदी आणि कथील हे दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की कथील गंजते आणि जोडाखाली थर धरतो. शेजारच्या महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा आमच्याकडच्या हवेची कल्पना येईल. सतत ओल आणि एकाच दिशेचा विजेचा दाब असेल तर चांदी दोन जवळच्या टोकांमध्ये हळूहळू तंतूसारखी वाढतही जाते. वर वॉर्निशचा हात दिल्यापासून मला पुन्हा त्रास झालेला नाही.

कृष्णाकाठचे मास्तर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. रिमोट पुसल्यावरच चालू झाला, त्यामुळे ग्राफाइटची बाटली घेतलीच नाही. पंपाला थिंबल बसवले. आणखी एक शंका आहे. 2019 च्या महापुरात भिजलेल्या एका रेडिओच्या पाटीवरची तांब्याची रेघ हिरवी होऊन मधेच तुटली आहे. तिथे गोंदाचा पूल बांधता येईल का?

जुना मेकॅनिक (सातारा)

हिरव्या थरावर गोंद बसेल, पण वीज जाणार नाही. दोन्ही बाजूंना चकचकीत तांबे दिसेपर्यंत खरवडा आणि बारीक तार आडवी ठेवून तिच्या दोन टोकांनाच गोंद लावा, म्हणजे प्रवाह गोंदातून केसभरच जाईल. रेडिओच्या पाटीला मात्र खरा उपाय शिशाचाच. उष्णतेची भीती असेल तर 58 टक्के बिस्मथ व 42 टक्के कथील असलेले शिसं मागवा. ते 138 अंश सेल्सिअसला वितळते, तर नेहमीचे 63 टक्के कथील व 37 टक्के शिसे असलेले 183 अंशांना. तोवर थरथर नसलेला कोणी शेजारी मिळतो का पाहा.

कृष्णाकाठचे मास्तर

शेजारी नाही, पण नात आहे. पिकअपचा थेंबही तिनेच टाकला. दुसऱ्या दिवशी तार ते चकती रोध एक ओहमच्या आत भरला आणि खर्ज स्वच्छ ऐकू येतो आहे. काचेचा रंग आणून ठेवला आहे, रविवारी लावणार.

घाटातले धुके (पाचगणी)

लावण्यापूर्वी बाटली दोन-तीन मिनिटे चांगली हलवा आणि काडीने तळ ढवळा. चांदी जड असल्याने खाली बसते, आणि वरवरचे पातळ लावले तर रेघ सुंदर उमटते पण काच काही तापत नाही.