शब्दचर्चा : ‘ध’चा ‘मा’, आळ, किटाळ आणि संशय

उपसंपादक

एक वाक्य तपासायचं आहे. बातमी काल्पनिक आहे, पण भाषा रोजच्या बातम्यांतली आहे:

‘नामवंत घराण्यातील सुनेच्या तथाकथित खून प्रकरणात संशयाची सुई सासऱ्यांकडे वळली असून, जबाब नोंदवताना पोलिसांनी ध चा मा केल्याचा आळ नातेवाइकांनी घेतला आहे.’

मुख्य शंका ‘ध चा मा’बद्दल आहे. नुसत्या चुकीला, छपाईच्या दोषालाही हल्ली तो लावतात. बरोबर आहे का? बाकी काही खटकलं तर तेही सांगा.

बखरप्रेमी

छपाईच्या दोषाला लावणं चूकच. वाक्प्रचार आला कुठून ते पाहिलं की वापर आपोआप ठरतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मारणारे गारदी, म्हणजे कवायती पायदळातले शिपाई; त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. बाहेर कारण दिसलं ते थकलेल्या पगाराचं. चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा वाड्यातच नजरकैदेत होते. परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी, की रघुनाथरावांच्या चिठ्ठीत ‘नारायणरावास धरावे’ असं होतं आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला.

या गोष्टीतूनच वाक्प्रचाराच्या चार अटी निघतात. मजकूर लेखी हवा. बदल अगदी बारीक हवा. तो जाणूनबुजून केलेला हवा. आणि परिणाम मात्र प्रचंड हवा, धरण्याच्या जागी मारण्याइतका. तिसरी अट सुटली की उरतो तो मुद्राराक्षसाचा, म्हणजे छपाईच्या चुकीचा विनोद. त्याला हा वाक्प्रचार लावणं म्हणजे कंपोझिटरवर खुनाचा कट लादणं.

तुमच्या वाक्यात पोलिसांनी जबाबाचा मजकूर मुद्दाम बदलला असं नातेवाइकांना म्हणायचं असेल तर ‘ध चा मा’ चालेल. जबाब नुसता अर्धवट लिहिला, काही गाळलं असं म्हणायचं असेल तर नाही. गाळणं म्हणजे ‘ध’चा ‘मा’ नव्हे.

व्याकरणप्रेमी

‘धरावे’ या रूपाकडे कुणी फारसं बघत नाही. ‘नारायणरावास धरावे’ हा विध्यर्थी भावे प्रयोग आहे. कुणाला ते आहे, काय करावं ते आहे, कुणी करावं ते नाही. हुकमाच्या भाषेत हे नेहमीचंच, पण कटाच्या कागदात ते फार सोयीचं. कर्ता नसलेलं वाक्य ज्याच्या हाती पडेल तोच कर्ता होतो. ‘सुमेरसिंगाने धरावे’ असं असतं तर ‘मा’ झाल्यावरही हुकूम एका माणसापुरता राहिला असता.

आणि ‘धरणे’ म्हणजे तेव्हाच्या मराठीत सरळ अटक. ‘धरपकड’मध्ये तो अर्थ अजून टिकून आहे. आज ‘ताब्यात घेणे’, ‘अटक’, ‘स्थानबद्ध’ असे तीन वेगळे शब्द आहेत. ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. चौकशीसाठी ‘ताब्यात घेतलेल्या’ माणसाला ‘अटक’ झाली म्हणून छापणं हा प्रकारही ‘ध’चा ‘मा’ होण्याच्या फार लांब नाही. फक्त तो आळसाने होतो.

मोडीवाचक

‘एका अक्षराचा बदल’ असं म्हणतात तेही सैल आहे. ‘ध’चा ‘मा’ करायला ‘ध’ घालवून ‘म’ आणायचा, शिवाय काना द्यायचा. तोही मोडीत, म्हणजे तेव्हाच्या दफ्तरी लिपीत. मोडी लिहिताना आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरं जोडत जातात. शब्दांत जागा सोडत नाहीत. म्हणजे मधल्या एका अक्षराला हात लावला की शेजारची वळणंही बिघडणार. देवनागरीत ‘ध’वर गिरवून ‘मा’ करणाऱ्या शाळकरी चित्राने सगळ्यांची कल्पना बिघडवली आहे.

दुसरं असं, की पेशवाई दफ्तरातल्या पत्रांना बनावटीविरुद्ध राखण असे. मजकूर संपला तिथे ‘मोर्तब सूद’ किंवा ‘लेखनसीमा’ची मुद्रा उठवत, म्हणजे शेवटी कुणी ओळ वाढवू नये. लांब कागद चिकटवलेला असेल तर जोडावर शिक्का. पण ही सगळी राखण शेवटाची आणि सांध्याची. ओळीच्या पोटातलं अक्षर बदललं तर मोर्तब काहीच करू शकत नाही. ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणजे ‘आता बदल अशक्य’ असं आपण धरतो, पण त्या शिक्क्याचं काम ‘इथून पुढे वाढवू नका’ एवढंच होतं. आणि गुप्त चिठ्ठीवर कोण मोर्तब करणार?

पंचनाम्यात आजही मधल्या खाडाखोडीशेजारी सह्या घेतात त्या याचसाठी. ‘गळफास’ खोडून तिथे ‘गळा आवळून’ आलं तर आत्महत्येचा खून होतो, आणि उलट झालं तर खुनाची आत्महत्या. खऱ्या अर्थाचा ‘ध चा मा’ हवा असेल तर हे उदाहरण घ्या.

बखरप्रेमी

एक मोठी गंमत राहिली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीत दोष काढला तो रघुनाथरावांचा. भाषेने मात्र ठपका कायमचा आनंदीबाईंच्या माथी मारला. आजही ‘ध चा मा’ म्हटलं की डोळ्यांपुढे बाईच येते. चौकशीत दोषी एक आणि वाक्प्रचारात दुसरी. म्हणून इतिहासाचं वाक्य लिहिताना ‘आनंदीबाईने ध चा मा केला’ असं ठोकून देऊ नका. ‘केला असे सांगतात’, ‘केल्याचा प्रवाद आहे’ असं लिहा.

उपसंपादक

‘प्रवाद’ आणि ‘अपवाद’मध्ये मी गोंधळतो. ‘लोकापवाद’ म्हणजे काय मग?

शब्दकोशवाला

प्रवाद म्हणजे लोकांत चालू असलेलं बोलणं, खरं की खोटं ते न ठरलेलं. ‘अपवाद’चा मूळ अर्थ निंदा, दूषण. नियमाला अपवाद हा त्याचा दुसरा अर्थ. लोकापवाद म्हणजे लोकनिंदा, सीतेच्या वाट्याला आला तो. आनंदीबाईंबाबत प्रवाद होता, त्याचा लोकापवाद झाला. एकाच वाक्यात दोन्ही शब्द बरोबर बसणारी अशी जागा क्वचितच मिळते.

आता ‘आळ’. यात उपसंपादकांची खरी चूक आहे. मराठीत दोष लावण्याचे शब्द भरपूर आणि प्रत्येकाचा काटा वेगळा.

आरोप तटस्थ असतो, खरा-खोटा काहीही असू शकतो. ‘आळ’मध्ये लिहिणाऱ्यानेच तो खोटा ठरवलेला असतो. तुमच्या वाक्यातले नातेवाईक तुम्ही खोटे पाडलेत, आणि तेही नकळत. कुभांड रचावं लागतं, त्यात योजना असते. बालंट बाहेरून येतं, बहुधा नको तिथे गेल्यामुळे. किटाळ येतं, पण त्या शब्दाचा जोर जाण्यावर आहे. ‘किटाळ दूर झाले’, ‘किटाळ टळले’ असं आपण म्हणतो. निर्दोष सुटलेल्या माणसाबद्दल ‘त्याच्यावरचे किटाळ गेले’ म्हटलं की तो मुळात निर्दोषच होता असं आपण म्हणून बसतो. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याला ‘किटाळ’ लावू नका. ‘तोहमत’ जुन्या कज्जेदलालीतला, आता फक्त नाटकीपणासाठी. ‘ठपका’ मात्र जिवंत आहे आणि त्याची जागा पक्की आहे. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, समितीने किंवा आयोगाने काढलेला दोष, शिक्षेच्या अलीकडचा. गर्दी ठपका ठेवत नाही.

न्यायलिपिक

ठपक्याची कसोटी लावायला बावला खून खटला घ्या. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्याबरोबर मुमताज होती, इंदूर दरबार सोडून आलेली. तिला पळवून नेण्यासाठी हा हल्ला होता. हल्लेखोर इंदूरशी संबंधित निघाले, त्यांच्यावर खटला चालला. संशय महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यावर आला. त्यांच्यापुढे चौकशी आयोगाला सामोरं जायचं की गादी सोडायची असा पेच ठेवला गेला. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली.

मग महाराजांसाठी शब्द कोणता? ‘आरोपी’ नाही, त्यांच्यावर खटलाच नव्हता. ‘दोषी’ नाही. ‘ठपका’सुद्धा नाही, कारण आयोग बसलाच नाही. ‘किटाळ’ही नाही, कारण ते दूर झालं म्हणायला कुणी निर्णय दिलेला नाही. उरतं ते ‘संशय’ आणि ‘प्रवाद’. ‘गादी सोडली’ यातून कबुली काढायची की नाही हे वाचक ठरवील, क्रियापदाने ठरवू नये. ‘गादी सोडावी लागली’ असं लिहिलं की मात्र लेखकाने निकाल दिला असं नाही, कारण दबाव खराच होता.

व्याकरणप्रेमी

संशयाच्या क्रियापदांतही फरक आहे. ‘संशय येणे’ हे आपोआप होतं, त्यात दोष नाही: ‘पोलिसांना संशय आला.’ ‘संशय घेणे’ मात्र करणाऱ्याच्या अंगाला चिकटतं: ‘तो सगळ्यांवर संशय घेतो.’ म्हणून ‘जनतेने घराण्यावर संशय घेतला’ हे वाक्य नकळत घराण्याच्या बाजूचं होतं. ‘जनतेला संशय आला’ हे सरळ. विभक्तीही पहा: माणसावर संशय, कृत्याचा संशय. ‘सासऱ्यांवर खुनाचा संशय.’ ‘सासऱ्यांचा संशय’ लिहिलंत तर सासरेच कुणावर तरी संशय घेतायत असा अर्थ निघू शकतो.

मोठ्या घराण्याच्या बाबतीत सर्वात महत्त्वाचं रूप प्रयोजक. ‘मारल्याचा संशय’ आणि ‘मारवल्याचा संशय’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बडे लोक स्वतः हात घालत नाहीत. म्हणून मराठीत ‘मारेकरी घालणे’ हा वाक्प्रचार वेगळा आहे. मारेकरी म्हटलं की मागे कुणी आहे हे धरलेलंच असतं. ‘बोलविता धनी’च्या चालीवर ‘करविता धनी’ म्हणतात तो हाच. रागाच्या भरात एकट्याने केलेल्या खुनात ‘मारेकरी’ लिहू नका, तिथे ‘खुनी’.

शब्दकोशवाला

त्यावरून ‘गारदी’. ‘गार्ड’ या युरोपीय शब्दाच्या वंशातला, कवायती पायदळाचा शिपाई. पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी हा त्यातलाच. नारायणरावांच्या खुनानंतर शब्दाला डाग लागला तो लागलाच. ‘गारद होणे’मधला ‘गारद’ मात्र वेगळा, फारसी ‘ग़ारत’ म्हणजे लूट, नाश. दोघांची गाठ घालणारी व्युत्पत्ती दिसली तर सोडून द्या.

उपसंपादक

आणि ‘तथाकथित’?

न्यायलिपिक

काढून टाका. ‘कथित’ म्हणजे म्हटला गेलेला, अजून न ठरलेला. ‘तथाकथित’मध्ये हेटाळणी आहे: तथाकथित विद्वान, तथाकथित समाजसेवक. मेलेल्या बाईच्या ‘तथाकथित खुना’ने तुम्ही तिची थट्टा करताय. ‘कथित’ची गरजही बहुधा नसते. आधी नोंद काय झाली ते पहा. नुसती अकस्मात मृत्यूची नोंद असेल तर ‘मृत्यू’ लिहा. गुन्हा नोंदला असेल तर ‘खुनाचा गुन्हा नोंदवण्यात आलेल्या प्रकरणात’. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३, आधीच्याला भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३०२. जुन्या घटनेला नवं कलम लावलेलं दिसतं, ते चूक.

‘संशयाचा फायदा’वर कुणी बोललं नाही. ‘संशयावरून अटक’मधला संशय पोलिसांचा, आरोपीविरुद्धचा. ‘संशयाचा फायदा देऊन मुक्तता’मधला संशय न्यायाधीशाच्या मनातला, पुराव्याविषयीचा, म्हणजे आरोपीच्या बाजूचा. एकच शब्द, दोन टोकं. ‘पुराव्याबाबत शंका’ म्हटलं असतं तर वाचकाचा घोळ टळला असता, पण आता ‘संशयाचा फायदा’ न्यायालयात रुळला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं होतं की आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांत लांबचं अंतर आहे. मराठीत हे अंतर दोन क्रियापदांचं आहे. बातमीत ते जपायला काहीच खर्च येत नाही.

बखरप्रेमी

रामशास्त्र्यांच्या ‘देहान्त प्रायश्चित्ता’चीही तशीच हेळसांड होते. त्यांनी रघुनाथरावांना सांगितलं ते प्रायश्चित्त, म्हणजे पाप करणाऱ्याने स्वतः घ्यायचं. शिक्षा दुसरा देतो. सत्ताधाऱ्याला शिक्षा देणारा वर कोणी नसताना शास्त्री तोच शब्द वापरणार. ‘रामशास्त्र्यांनी राघोबादादांना फाशी सुनावली’ असं लिहिलेलं वाचलं, की त्या शब्दातला सगळा पेच निघून जातो.

उपसंपादक

सुधारलं: ‘सुनेच्या खुनाचा गुन्हा नोंदवलेल्या प्रकरणात सासऱ्यांवर संशय व्यक्त होत असून, जबाबाचा मजकूर पोलिसांनी बदलल्याचा आरोप नातेवाइकांनी केला आहे.’ ‘संशयाची सुई’ काढली. ती इंग्रजीतून आलेली आहे, आणि शेजारच्या शिवणयंत्रापर्यंत जाते.

व्याकरणप्रेमी

‘व्यक्त होत असून’ पुन्हा कर्ता गिळतंय, ‘धरावे’सारखं. संशय नातेवाइकांचा असेल तर ‘नातेवाइकांनी सासऱ्यांवर संशय व्यक्त केला असून’. पोलिसांचा असेल तर तसं. दोघांचाही नसेल, नुसती कुजबूज असेल, तर तो अर्धा भाग गाळा.