केळीच्या लेखाला एआयची मदत: वाचक कुठे अडखळतो?

गिरणाकाठ
शेतकरी गटासाठी दर आठवड्याला केळीवर दीड-दोन पानी लेख निघतो. मसुदा एआयकडून करून घेतला की वाचक दोन ओळींत ओळखतात, ‘हे आपल्याकडचं नाही’ म्हणतात आणि पुढचं वाचत नाहीत. व्याकरण तर शुद्ध असतं, मग खटकतं काय? आणि एआय वापरला हे लेखाखाली सांगावं का?

सातपुडा
भाऊ, खटकतात ते शब्द. एआयचं मराठी बरंचसं इंग्रजीच्या साच्यातून येतं. मग घडाचा ‘गुच्छ’ होतो, फणीचा ‘हात’, पिलाचं, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबाचं, ‘शोषक’. निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, म्हटलं की रावेर-यावलच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बाग उभी राहते. ‘पुष्पोत्पादन अवस्था’ म्हटलं की फुलशेती.

सगळ्यात घातक प्रकार ‘हरण्या’ या केळीवरच्या विषाणूरोगाचा. मथळ्यात त्याऐवजी ‘काकडी मोझॅक विषाणू’ येतं, केळीवाला लेख काकडीचा समजून सोडून देतो, आणि रोगट झाडं उपटायचे दिवस हातचे जातात. वर मसुद्यात एखादं बुरशीनाशकही घुसलेलं असतं. विषाणूवर कुठलाही फवारा चालत नाही. मावा आवरायचा, रोगट झाड मुळासकट काढून नष्ट करायचं, बागेत काकडीवर्गीय आंतरपीक घ्यायचं नाही.

विषय देऊन लेख मागूच नका. सांगायचं ते आधी मोबाइलवर बोलून टाइप करा, मग तोच मजकूर नीट लावायला द्या. सोबत आपल्या तीस-चाळीस शब्दांची यादी आणि स्पष्ट सूचना: ‘नवी माहिती घालू नको, आकडे बदलू नको.’ एका वेळी तीनशे शब्दच द्या. मजकूर लांबला की यादी मागे पडते आणि ‘गुच्छ’ परत येतो.

तापीकाठ
शब्द चुकला तर वाचक दुरावतो, मात्रा चुकली तर बाग बसते. केळीला झाडामागे २००:४०:२०० ग्रॅम नत्र, स्फुरद, पालाश ही शिफारस घ्या. ही अन्नद्रव्यं आहेत, खतं नव्हेत. एआय सोपं करून सांगायला गेला की ‘२०० ग्रॅम युरिया’ लिहून मोकळा होतो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे २०० ग्रॅम नत्राला साधारण ४३५ ग्रॅम युरिया लागतो. २०० ग्रॅम युरियातून जेमतेम ९२ ग्रॅम नत्र जातं, निम्म्याहून कमी.

दुसरी गफलत एकर-हेक्टरची. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४४४४ झाडं, एकरी साधारण १८००. हेक्टरचा आकडा एकराला लागला की मात्रा अडीच पट. म्हणून मसुदा आल्यावर आधी फक्त आकडे वाचा, प्रत्येकापुढे एकक आहे का बघा, मूळ टिपणाशी पेनाने ताडा. भाषा नंतर.

गिरणाकाठ
यादी आजच करायला घेतो. एआय ओळखणाऱ्या साइटवर लेख तपासून घ्यावा का?

पांझरा
नको दादा. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैतच बंद केलं. तेही मुख्यतः इंग्रजीसाठी होतं. मराठीत अशा निकालावर विसंबू नका. त्यापेक्षा लेख मोठ्याने वाचा. ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ आणि ‘केवळ एवढेच नव्हे तर’ तिथेच सापडतात. ती वाक्यं सुधारत बसू नका, काढून टाका.

एआय वापरला हे जरूर सांगा. पण नुसतं ‘एआयच्या मदतीने’ लिहून वाचकाला काही कळत नाही. ‘मांडणीला एआय, मात्रा तपासल्या अमुक यांनी, तारीख अमुक’ असं लिहा. उद्या डोस चुकला तर विचारायचं कोणाला, हे त्याला हवं असतं.

अहिराणीत मात्र मसुदा मागू नका. ‘मी वावरमा जाई राहिनू’ ऐवजी ‘मी वावरात जाऊन राहिलो’ येतं, ती वऱ्हाडी झाली. धुळ्याकडचा वाचक तिथेच थांबतो. अहिराणी ओळी हाताने लिहा आणि एआयला देण्याआधी मजकुरातून बाजूला काढून ठेवा, नाहीतर तो त्याही ‘शुद्ध’ करून देतो.