चेंगदूच्या बागेतलं चहाघर – तिथे कसं वागायचं?

धुकट_सकाळ
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने दहा दिवस चीनमध्ये चेंगदूला चाललोय. तिथल्या टीममधल्या मुलीने कळवलंय की रविवारी त्यांचे साहेब (साठीच्या आसपासचे) मला पीपल्स पार्कमधल्या हमिंग टीहाऊसला नेणार आहेत. बघितलं तर 1923 पासूनचं आहे, झाडांखाली बांबूच्या खुर्च्या, बाजूला तळं, एकदम झकास. पण यूट्यूबवर कुणी म्हणतं कप असा धरा, कुणी म्हणतं टेबलावर बोटं आपटा, आणि मी आपला टपरीवर उभ्याउभ्या कटिंग मारणारा माणूस. दूध-साखर नसते एवढंच माहितीये. साहेबांसमोर शोभा होऊ नये म्हणून काय काय पाळायचं?

पिंपळपार
दोन वर्षं चेंगदूला होतो, आता हांगझौला. आधी टेन्शन सोडा, ते काही जपानी टी सेरेमनीसारखं प्रकरण नाही, लोक तिथे पत्ते कुटतात, माजाँग खेळतात, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात आणि चार-चार तास उठत नाहीत. चहा बहुतेक मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला ग्रीन टी असतो, आणि येतो गायवानमध्ये, म्हणजे झाकण, वाटी आणि खाली बशी. झाकण आकाश, बशी पृथ्वी, मधली वाटी माणूस असं मानतात. वाटीला कान नसतो आणि ती चटका देते, म्हणून बशीसकट उचलायची, झाकण जरासं तिरपं करून त्यानेच पानं मागे सारायची आणि फटीतून घोट घ्यायचा. तळापर्यंत पिऊ नका, थोडं पाणी राहू द्या म्हणजे पुढच्या पाण्याला चव उतरते. पाणी हवं असेल तर झाकण काढून बशीला टेकवून ठेवायचं, हाक मारायची गरज नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी टेबलावर थर्मासच देऊन जातात, मग तुम्हीच ओता, पण आधी साहेबांना आणि स्वतःला शेवटी. हे एवढं एक मात्र खरंच बघतात.

नस्ती_उठाठेव
बोटं आपटायचं खरंय, पण ती जास्त करून दक्षिणेकडची, ग्वांगडाँग (जुनं नाव कँटन)-हाँगकाँगकडची पद्धत. कुणी तुमच्या कपात ओतलं की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक, म्हणजे थँक्यू. दंतकथा अशी की छियेनलाँग बादशहा वेष बदलून हिंडत होता, त्याने नोकराला चहा ओतला, आता नोकर लोटांगण घालणार कसा, भांडं फुटेल ना, म्हणून त्याने बोटांनाच गुडघे टेकायला लावले. खरंखोटं बादशहा जाणे. किटली असेल तर तिची चोच कुणाच्या तोंडाकडे करून ठेवू नका आणि कप काठोकाठ भरू नका, दहातले सात भागच, गच्च भरलेला कप म्हणजे पाहुण्याचा अपमान. आपल्याकडे उलट, कप अर्धा दिला तर बोंब!

भाकरवडी_इन_एग्झाइल
थोडं अवांतर पण महत्त्वाचं, येताना शांघायला थांबणार असाल तर नानजिंग रोड, पीपल्स स्क्वेअर भागात गोडगोड बोलणारी कॉलेजची पोरं भेटतील, आमचा फोटो काढता का, मग म्हणतील चला पारंपरिक चहा दाखवतो, अजिबात जाऊ नका. मी गेलो. बोटभर कपांतून सहा चहा चाखले आणि बिल बघून घसाच कोरडा पडला. त्यापेक्षा यूयुआन बागेजवळचं हूशिनटिंग बघा, तळ्याच्या मधोमध, नागमोडी पुलावरून जायचं, 1855 पासून चहाघर आहे. तेही महागच, पण निदान मेन्यूवर दर छापलेले असतात.

आळशी_उंट
एकच सल्ला. खाली बशी दिसली म्हणून त्यात ओतून भुरका मारू नका 😂

पिंपळपार
@उंट हसू नका, माझ्या सासऱ्यांनी मारला होता. बाजूच्या टेबलावरचे आजोबा खूश होऊन बघायला आले.

धुकट_सकाळ
जाऊन आलो मंडळी! साहेबांना आधी ओतलं, ते दोनदा नको नको म्हणाले पण चेहऱ्यावर बरं वाटलेलं दिसलं. घोळ एकच झाला, मी सवयीने दर वेळी झाकण घट्ट लावून ठेवत होतो, आमच्या टेबलाला थर्मास नव्हता, त्यामुळे सगळ्यांना पाणी मिळतंय आणि मी अर्धा तास कोरडा. शेवटी साहेबांनीच हात लांब करून माझं झाकण काढलं आणि बशीला टेकवलं, लगेच किटलीवाला हजर. मी बोटं टकटकवली, तर ते हसून म्हणाले की ही इथली नाही, कँटनची पद्धत. मग एक जण लोखंडी चिमट्याचा टणण्ण आवाज करत आला, तो कान साफ करणारा निघाला, चहा पितापिता लोक कान कोरून घेतात! साहेबांनी माझ्या कानाकडे बोट दाखवलं. त्याला नाही म्हणायचा शिष्टाचार तुम्ही कुणीच सांगितला नव्हता.