मदत हवी आहे: मॉडमधले १८६५० सेल बदलायची वेळ झाली का?

दोन सेलचा व्हेप मॉड (ई-सिगारेटचा बॅटरी बसवायचा भाग) आहे. सेल १८६५०, म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब रिचार्जेबल लिथियम सेल. २५०० एमएएच, २० अँपिअरचे, दोन्ही एकदमच घेतलेले. वापर रोजचा, आणि वर्ष कधीच उलटलंय. चार्जिंग बाहेरच्या चार्जरवर.

हल्ली चार्जरवरून काढून घातले की दोन्ही फुल दिसतात. ६० वॅटवर चार-पाच झुरके मारले की एका सेलचा बार झरझर उतरतो आणि 'वीक बॅटरी' येतं. थोडा वेळ तसंच ठेवलं की बार आपोआप पुन्हा वर! मल्टिमीटरवर चार्ज झाल्या झाल्या दोन्ही ४.१९ व्होल्ट. रात्रभर नुसते ठेवले तर सकाळी एक ४.१७, दुसरा ४.०८.

व्होल्टेज पूर्ण भरतंय, मग बिघडलंय काय? एकच सेल बदलला तर चालेल का? आणि त्याच सेलचा रॅप (वरचं प्लास्टिकचं वेष्टन) प्लस टोकाच्या कडेला जरासा फाटलाय, तिथे टेप लावू का? जाणकारांनी कृपया सांगावं. (व्हेप सोडा हा सल्ला घरातून रोज मिळतो, तो इथे नको.)

प्रतिसाद १
आधी तो फाटका सेल बाहेर काढा, बाकीचं नंतर. प्लसची मधली टिकली सोडली तर सेलचा अख्खा पत्रा मायनस असतो, अगदी वरच्या कडेपर्यंत. टिकली आणि कड यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर अंतर. तिथे रॅप फाटला आणि मॉडचा धातू दोन्हींना टेकला की थेट शॉर्ट. टेप उष्णतेने सरकते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. सेल ठणठणीत असेल तर नवी पीव्हीसी स्लीव्ह चढवता येते, खाली इन्सुलेटरची चकती मात्र हवीच. तुमच्या सेलवर ती मेहनत घेऊ नये असं माझं मत.

४.१९ वरून एवढंच कळतं की चार्जरने त्याचं काम केलं. सेल म्हातारा होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि तो लोड पडल्याशिवाय (करंट ओढल्याशिवाय) दिसत नाही. ६० वॅट म्हणजे प्रत्येक सेलवर ३०, म्हणजे साडेआठ अँपिअरच्या आसपास. रोध २० मिलिओहम असेल तर व्होल्टेज ०.१७ ने पडेल, ८० झाला तर जवळपास ०.७ ने. ३.७ वर असलेला सेल बटण दाबताच ३.० वर येतो आणि मॉड ओरडतो. बटण सोडलं की परत ३.७. तुमचा बार वर जातो तो असा.

मला जास्त खटकलं ते ४.०८. चार्जरवरून काढल्यावर एखाद-दोन शतांश उतरणं ठीक, पण जोडीदार ४.१७ वर असताना हा एका रात्रीत एवढा घसरला म्हणजे त्याचा चार्ज आतल्या आत गळतोय. मी असा सेल पुन्हा चार्जरवर लावणार नाही.

प्रतिसाद २
थांबा, निकाल देण्याआधी दोन्ही सेलच्या जागा बदलून बघा. उतरणारा बार सेलबरोबर गेला तर दोष सेलचा. त्याच खोबणीत राहिला तर मॉडचे काँटॅक्ट मळलेत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कधीकधी उगाच सेल बदलले जातात.

धागाकर्ता
रॅप फाटलेला सेल मॉडमध्ये परत घालू की नको?

प्रतिसाद १
नको. त्याऐवजी दुसरा, चांगला सेल त्या संशयित खोबणीत घाला आणि सोबत एखादा शाबूत सेल. फक्त तपासणीपुरतं, कमी वॅटवर.

धागाकर्ता
भावाच्या मॉडमधला सेल घेऊन बघितलं. दोन्ही बार बरोबरीने उतरतात, वीक बॅटरी येत नाही. म्हणजे सेलच गेला. आता राहिलेला चांगला सेल नव्या एकाबरोबर वापरू?

प्रतिसाद १
जोडीच बदला. सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले असताना) दोन्हींतून करंट सारखाच जातो, त्यामुळे थकलेला आधी रिकामा होतो आणि नवा त्याला आणखी खाली ओढतो. फार खाली, २.५ व्होल्टच्याही बराच खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. उरलेला चांगला सेल एकट्याने एका सेलच्या टॉर्चमध्ये वापरा.

प्रतिसाद ३
नवे घेताना ९९०० एमएएच छापलेल्या १८६५० च्या नादी लागू नका. या आकारात खरी क्षमता साधारण ३६००-४००० च्या वर जात नाही. दोघांवर मार्करने एकच खूण करा. गेलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नाही. इथे मात्र टेप चालेल :)